आयरिश भाषेत दैनिक कधी नव्हतंच? होतं, आणि तेही बेलफास्टमध्ये

मराठी सक्तीची चर्चा सुरू झाली की हल्ली एक मजकूर हटकून फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: आयर्लंडने शंभर वर्षं शाळांत आयरिश सक्तीची केली, राज्यघटनेत तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला, सरकारने पैसा ओतला. चाळीस टक्के लोक भाषा येते म्हणतात. तरी त्या भाषेत एकही दैनिक नाही, कधी नव्हतंच, कारण वाचकच नाहीत. म्हणजे भाषा मेलेली आहे.

आज आयरिशमध्ये छापील दैनिक नाही, हे खरं. पण तेवढ्यावर एका भाषेचं मर्तिक उरकून टाकणं मला पटत नाही.

'कधी नव्हतंच' हे तर सपशेल चूक. १९८४च्या ऑगस्टमध्ये 'ला' नावाचं आयरिश दैनिक सुरू झालं. ते डब्लिनला निघालं नाही, बेलफास्टला निघालं. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटिश अमलाखाली. तिथे आयरिश सक्तीची नव्हती आणि सरकारी मेहेरबानीही नव्हती. शहराच्या पश्चिम भागात शॉज रोडवर काही कुटुंबांनी आयरिशमध्येच संसार करायचा ठरवून शेजारी शेजारी घरं बांधली होती. मुलांसाठी १९७१मध्ये त्यांनी आयरिश माध्यमाची प्राथमिक शाळा काढली. सरकारी मान्यता मिळेपर्यंत १९८४ उजाडलं. तोवर शाळा पदरमोड करून, वर्गणी गोळा करून चालली. गारोद ओ कारलान आणि त्यांच्या सोबत्यांनी 'ला' काढलं ते याच वातावरणात. पुढे १९९१मध्ये फॉल्स रोडवरच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत आयरिश सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं, त्यातही ही माणसं होतीच. सक्तीमुळे काही उगवत नाही असं सांगणाऱ्यांनी आणि सक्तीनेच सगळं होतं असं मानणाऱ्यांनीही बेलफास्टचा हा इतिहास एकदा नीट वाचावा.

दैनिक म्हणून 'ला' फार काळ टिकलं नाही, त्याचं साप्ताहिक झालं. पण २००३मध्ये ते पुन्हा रोज निघू लागलं आणि 'ला नूआ' या नव्या नावाने डिसेंबर २००८पर्यंत चाललं. साप्ताहिकांची परंपरा तर त्याहून जुनी: 'इन्यू' १९४३ला सुरू झालं आणि १९८४पर्यंत निघत होतं.

आता ते चाळीस टक्के. २०२२च्या जनगणनेत आयर्लंड प्रजासत्ताकात सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, हे बरोबर. पण त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी ती नीट येत नाही असंही त्याच जनगणनेत नोंदवलंय, ते मजकुरातून गायब आहे. शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे होते ७१,९६८. दैनिकाचा संभाव्य ग्राहक मोजायचा तर या आकड्यापासून सुरुवात करायला हवी. शिवाय ही माणसं एका जागी नाहीत. आयरिशभाषक पट्टे, ज्यांना गेलताख्त म्हणतात, मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावर डोनेगलपासून केरीपर्यंत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेत. बाकीचे वाचक डब्लिन, बेलफास्ट अशा शहरांत. सकाळचा अंक सकाळीच या सगळ्यांच्या हाती पोचवायचा खर्च कुठून काढायचा? आणि यातला प्रत्येक वाचक इंग्रजी सहज वाचतो. कालची बातमी त्याला इंग्रजीत आधीच मिळालेली असते.

'सरकारने पैसा ओतला' हेही अर्धवट. फोरस ना गेल्गे ही संस्था उत्तर-दक्षिण दोन्हीकडच्या सरकारांच्या पैशावर आयरिशसाठी काम करते. तिने अनुदान थांबवलं आणि 'ला नूआ' बंद पडलं. 'गेलश्केल' हे साप्ताहिक २०१०ला निघालं आणि २०१३ला तसंच बंद झालं. त्याचा खप खरोखरच कमी होता, ते झाकायचं कारण नाही. पण जाहिरातींचा आधार नसलेलं वर्तमानपत्र एकाच अनुदानावर उभं असेल, तर ते बंद होणं हा वाचकांचा कौल नसतो, तो एका बैठकीतला निर्णय असतो. सरकारी जाहिरातींच्या खर्चाचा किमान ५ टक्के वाटा आयरिश माध्यमांना द्यावा, असं कायद्यात आलं ते २०२१मध्ये, 'ला नूआ' जाऊन तेरा वर्षं झाल्यावर.

राहिला शेवटचा मुद्दा, दैनिक नाही म्हणजे भाषा मेली. जर्मनीत बाउत्सेन गावातून सोर्बियन भाषेत 'सेर्बस्के नोविनी' हे दैनिक निघतं, आणि सोर्बियन बोलणारे आयरिशच्या रोजच्या बोलणाऱ्यांहूनही कमी आहेत. म्हणजे दैनिक असण्या-नसण्यावरून भाषेची तब्येत कळत नाही. हे आपल्याला परकं वाटायला नको. गोव्यातलं 'सुनापरान्त' हे कोकणी दैनिक २०१५मध्ये बंद झालं, म्हणून कोकणी संपली असं कुणी शहाणा म्हणाला नाही. घरात कोकणी बोलणारी हजारो माणसं सकाळी मराठी किंवा इंग्रजी पेपर उघडतात, इतकंच.

आयरिशमध्ये आज बातम्या मिळतच नाहीत, असंही नाही. रेडिओ ना गेलताख्ता १९७२पासून आहे, आयरिश दूरचित्रवाणी वाहिनी १९९६पासून. आणि 'गेलश्केल' बंद पडल्यावर दीड-एक वर्षात, ऑक्टोबर २०१४मध्ये, 'तूरिश्क' हे आयरिश बातम्यांचं संकेतस्थळ सुरू झालं. त्यालाही फोरस ना गेल्गेचंच पाठबळ. कागद, छपाई आणि वाहतूक वगळली तर रोजची आयरिश पत्रकारिता चालवता येते, हे गॉलवेजवळच्या त्या छोट्या संपादकवर्गाने दाखवून दिलंय.