व्हॉल्व्ह फक्त दिशा बदलतो, मग लीटर कशाला बघायचे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार, दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरचा हायड्रॉलिक पंप मोठा करताना व्हॉल्व्हपण तपासा, गरज पडली तर बदला असं मी लिहिलं ते लोकांना उगाच खर्चात पाडणारं आहे. तुम्ही जुन्याच व्हॉल्व्हवर दुप्पट लीटरचा (म्हणजे मिनिटाला दुप्पट तेल देणारा) पंप चालवताय, बकेट झटक्यात वर जाते, अजून काही बिघडलेलं नाही. व्हॉल्व्ह काय फक्त तेलाची दिशा बदलतो, त्याच्यावरचा लीटरचा आकडा कंपनीच्या समाधानासाठी. आणि उचल कमी वाटली तर रिलीफ (जास्तीत जास्त प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह) जरा आवळायचा, झालं काम.

बकेट झटक्यात वर जाते हे अगदी खरं आहे, त्यावर वादच नाही. हिशोब करून बघू. समजा बूमचे (बकेट उचलणाऱ्या हाताचे) दोन सिलिंडर ६३ मिमी बोअरचे, स्ट्रोक ५०० मिमी. दोन्ही पूर्ण भरायला साधारण ३.१ लीटर तेल लागतं. १६ सीसीचा (एका फेऱ्याला १६ घन सेंमी तेल देणारा) गियर पंप २००० आरपीएमला मिनिटाला ३२ लीटर देतो, आतली गळती सोडली तर ३० धरा, म्हणजे बूम वर जायला सहा सेकंद. पंप ६० लीटरचा केला की तीन सेकंद. एवढंच डोळ्याला दिसतं आणि म्हणून माणूस खुश होतो, पण तेलाचा बाकीचा प्रवास डोळ्याला दिसत नाही ना.

आता महत्त्वाचं. लोडरचं काम चालू असताना लिव्हरला हात किती वेळ असतो? उरलेला सगळा वेळ व्हॉल्व्ह न्यूट्रलला. ओपन सेंटर सिस्टीममध्ये पंप थांबत नाही, तो इंजिनाबरोबर फिरतोच, आणि त्याचं सगळंच्या सगळं तेल न्यूट्रलमध्येसुद्धा त्याच व्हॉल्व्हच्या पोटातून टाकीत जातं. म्हणजे व्हॉल्व्ह नुसता दिशा बदलत नाही, दिवसभर सगळं तेल स्वतःच्या अंगातून पास करतो. समजा ३० लीटरला त्या वाटेत ५ बार प्रेशर खर्च होतंय. फ्लो दुप्पट झाला की हा खर्च दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतो, म्हणजे २० बार. प्रेशर गुणिले लीटर भागिले ६०० केलं की किलोवॉट निघतात: आधी पाव किलोवॉट जात होता, आता दोन किलोवॉट. आठपट! आणि ही सगळी उष्णता तेलात. पाणी तापवायचा हीटर तेलाच्या टाकीत टाकून दिवसभर चालू ठेवावा तसं हे झालं, तेही लिव्हरला हात न लावता.

म्हणूनच "अजून काही बिघडलेलं नाही" यावर विसंबू नका असं मला कळकळीने सांगायचंय. तास-अर्धा तास काम केलं की तेल तापायच्या आत आपण मशीन बंद करतो, काही कळत नाही. सलग काम लागलं की तेल ८० अंशाच्या वर जातं, पातळ होतं, पंपाची आणि स्पूलची (व्हॉल्व्हमधला सरकणारा दांडा) आतली गळती वाढते, सील कडक व्हायला लागतात, आणि मग दुपारनंतर बूम आपोआप खाली सरकतो. त्यावेळी दोष सिलिंडरच्या सीलला दिला जातो, सील बदलतात, पुन्हा तेच. ट्रॅक्टरमध्ये बरेचदा हायड्रॉलिकचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं हेही धरा, म्हणजे ताप तिकडेही जातो.

दुसरी गोष्ट उतरतानाची, ही फार कमी जण मोजतात. ६३ च्या सिलिंडरला ३५ मिमीचा रॉड असेल तर रॉडच्या बाजूला जागा कमी, साधारण २१.५ चौरस सेंमी, आणि मागच्या बाजूला ३१ च्या वर. बूम खाली घेताना रॉडच्या बाजूने ६० लीटरच्या वेगाने तेल घुसलं तर मागून ८७ लीटरच्या वेगाने बाहेर पडतं. हे परत येणारं तेल कुठून जातं, त्याच व्हॉल्व्हमधून! म्हणजे ४० लीटरचा व्हॉल्व्ह ३० च्या पंपाला उतरताना ४३ लीटर पास करत होता, काठावर का होईना चालून जात होतं, ६० च्या पंपावर त्याच्याकडून दुपटीहून जास्त काम मागतोय आपण. व्हॉल्व्ह निवडताना पंपाचा आकडा बघून थांबायचं नाही, रिटर्नचा आकडा काढायचा. (भरलेली बकेट वजनानेच पंपापेक्षा जोरात खाली येत असेल तर रॉडच्या बाजूला पोकळी होते, बकेट जमिनीला टेकली की क्षणभर काहीच दाब नाही आणि मग अचानक येतो. त्याला उपाय म्हणजे फक्त उतरताना अडवणारा वन-वे रिस्ट्रिक्टर, पंप मोठा करून ते जात नाही.)

रिलीफबद्दल. आवळला की उचल वाढते, बरोबर, कारण उचल म्हणजे प्रेशर गुणिले सिलिंडरचं क्षेत्रफळ. पण वेग एका सेकंदानेही वाढत नाही, वेग लीटरवर आहे. आणि वाढलेलं प्रेशर एकट्या बकेटला मिळत नाही, लोडरच्या फ्रेमला, पुढच्या ॲक्सलला, होजला, पंपाच्या बेअरिंगला सगळ्यांना मिळतं. त्यात तुमच्याकडे आणखी एक अडचण आहे: रिलीफलापण फ्लोची मर्यादा असते. छोट्या व्हॉल्व्हमधला रिलीफ ६० लीटर सोडू शकत नसेल तर तुम्ही १५० बारला सेट केलेला असला तरी प्रत्यक्षात प्रेशर त्याच्या बरंच वर जातं. त्यामुळे गेज लावल्याशिवाय रिलीफला पाना लावू नका, आणि गेज लावाल तेव्हा इंजिन पूर्ण आरपीएमला ठेवून बघा, आयडलचं रीडिंग फसवतं. इंजिनाचाही विचार करा, १५० बारला ३० लीटर म्हणजे साडेसात किलोवॉट, दहा एचपी. ६० लीटरला वीस, वर नुकसान वेगळं, मग ढिगात बकेट घालून उचलताना इंजिन दबतं ते उगाच नाही.

सक्शनचं थोडक्यात सांगतो. पंप तेल ओढतो तिथे वेग सेकंदाला साधारण एक मीटरच्या आसपास ठेवायचा असतो. ३० लीटरला २५ मिमी आतल्या व्यासाची लाईन पुरते, ६० ला ३६ मिमी लागते. जुनीच लाईन ठेवली तर पंप खडखडतो, गोट्या फिरल्यासारखा आवाज येतो, आणि तो आवाज म्हणजे पंप आतून खाल्ला जातोय. प्रेशर साईडलापण तेच, अर्धा इंची होज ३० लीटरला ठीक, ६० ला तेलाचा वेग आठ मीटरच्या जवळ जातो.

आणि एक गोष्ट जी तुमच्या प्रतिक्रियेत सहज येऊन गेली आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. तुम्ही लिहिलंय की व्हॉल्व्हची आऊटलेट लाईन पुढे मागच्या लिफ्टला जोडली आहे. त्या व्हॉल्व्हमध्ये पॉवर बियॉन्डची स्लीव्ह (पुढे जाणारं प्रेशरचं तेल टाकीच्या वाटेपासून वेगळं ठेवणारा भाग) बसवलेली आहे का? नसेल तर लिफ्ट उचलताना पूर्ण प्रेशर व्हॉल्व्हच्या टाकीच्या पोर्टवर उलटं येतं. ती बाजू बहुतेक व्हॉल्व्हमध्ये एवढ्या प्रेशरसाठी केलेली नसते, स्पूलचे सील उडतात, कधी बॉडीच तडकते, आणि चालवणारा लिव्हरच्या शेजारीच बसलेला असतो. स्लीव्ह असेल तर तीन लाईन पाहिजेत: पंपाकडून येणारी, लिफ्टकडे जाणारी, आणि टाकीला जाणारी वेगळी. दोनच दिसत असतील तर काम थांबवा.

तुमचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे, प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह बदलायलाच पाहिजे असं नाही. ६० लीटरच्या पंपाला ९० च्या आसपासचा व्हॉल्व्ह आधीच असेल तर अजिबात हात लावू नका. फक्त तो ओपन सेंटर आहे ना आणि स्पूल सिलिंडरसाठीचा आहे ना एवढं बघा, मोटर स्पूल (न्यूट्रलला सिलिंडरच्या दोन्ही लाईन टाकीला उघड्या ठेवणारा) असेल तर न्यूट्रलला बूम थांबणारच नाही.

तर आता एवढं करा: आधी त्या तीन लाईन मोजा. बरोबर असतील तर तासभर नेहमीसारखं काम करून टाकीचं आणि व्हॉल्व्हच्या बॉडीचं टेंपरेचर घ्या, व्हॉल्व्हवर छापलेला लीटरचा आकडा, पंपाचे सीसी आणि सिलिंडरचा बोअर-रॉड लिहून पाठवा. बाकीचा हिशोब मी करून देतो.