सोयराचे दहा दिवस

गावाकडून सध्या एकच वाद कानावर येतोय. लातूर-नांदेडला नोकरी करणाऱ्या काही पोरी बाळंतपणाला पगारी बाई ठेवू लागल्या आणि अख्खं गोत त्यांच्यावर तुटून पडलंय. "माय मेली का हिची?" हा एक सूर. दुसरा शिकल्यासवरल्यांचा: "दवाखान्यात नीट झालंय ना सगळं? मग घरी कोण कशाला पाहिजे?" पहिल्याचं मी समजू शकतो. चीड येते ती दुसऱ्याची.

सरकारी दवाखान्यात नॉर्मल बाळंतिणीला ४८ तास ठेवायचा नियम आहे. दूध उतरतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कावीळ त्याच सुमारास चढते, लेकराचं वजनही तेव्हाच सगळ्यात खाली गेलेलं असतं. म्हणजे बिघडायचं ते बहुतेक घरी आल्यावरच बिघडतं.

मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये या दिवसांसाठी क्रामझोर्ख आहे, म्हणजे बाळंतीण आणि लेकराची घरी येऊन काळजी घ्यायची सोय. शिकलेली, पगारी बाई आठ-दहा दिवस घरी येते. एकूण २४ ते ८० तास, खर्च मूळ आरोग्य विम्यातून. तासाला पाच युरोच्या आसपास आपल्या खिशातून. तिची एक अट आधीच कळवलेली असते: पलंग जमिनीपासून किमान ७० सेंटीमीटर उंच हवा, नसेल तर पायांखाली ठोकळे लावा. नाहीतर वाकून वाकून तिची कंबर जाते. (आपल्याकडं बाजेशेजारी उकिडवं बसून शेकणाऱ्या बाईच्या कमरेचं कुणी विचारलंय?)

सकाळी आल्यावर ती बाळंतिणीला आधी लघवीला पाठवते, मगच पोटावर हात ठेवते. मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशय वर आणि एका बाजूला सरकतं, नीट आकसत नाही, रक्त जास्त जातं; आणि तसंच चाचपलं तर अंदाजही चुकतो. पहिल्या दिवशी गर्भाशयाचा माथा बेंबीपाशी लागतो, मग रोज साधारण एक बोट खाली उतरायला हवा. त्यानंतर ताप, नाडी, टाके, अंगावरून किती जातंय ते. लेकराचं तापमान ३६.५ ते ३७.५ च्या मध्ये हवं. वजन जन्मापेक्षा ७ टक्क्यांहून जास्त घटलं की प्रत्येक पाजणं ती बसून बघते, १० टक्क्यांवर गेलं की डॉक्टर. ओली दुपटी मोजायची: पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, सहाव्या दिवसापासून निदान सहा. हे सगळं एका वहीत. चार वर्षांची पदवी घेतलेली इथली सुईण अधूनमधून येते आणि आधी ती वही वाचते. औषध देणं, टाका घालणं या बाईचं काम नाही; खटकलं की सुईणीला फोन करायचा, एवढाच तिचा अधिकार, आणि तो ती बिनदिक्कत वापरते.

घरीच बाळंतपण असेल तर शेवटच्या टप्प्यात सुईण तिला बोलावून घेते. सुईणीचे हात गुंतलेले असतात तेव्हा वेळा लिहायच्या, गरम कपडे पुढं करायचे आणि रक्तानं भिजलेल्या घड्या वजनकाट्यावर ठेवायच्या. कोरड्या घडीचं वजन वजा केलं की एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. "लई गेलं", "थोडंच गेलं" असला हिशेब चालत नाही.

लेकराला ऊब द्यायला पत्र्याची बाटली. उकळतं पाणी गळ्यापर्यंत भरायचं, आत हवा राहू द्यायची नाही, बूच आवळून उलटी धरून बघायची, कापडी पिशवीत घालून पांघरुणावर, लेकरापासून वीतभर लांब, बूच पायाकडं. आपली बाजेखालची शेगडी आठवा: दारं-खिडक्या बंद, कोळशाचा आणि ओव्याचा धूर, आत पाच दिवसांचं लेकरू.

इथंही सगळं आलबेल नाही. बायांची टंचाई आहे, तास कापले जातात.

आपल्याकडं काहीच नाही असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवून दाखवलं. त्याच वाटेनं २०११ पासून आशा ताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. सहा भेटींचे मिळून २५० रुपये ठरले होते. पण तिसऱ्यानंतर थेट सातवा दिवस! दूध ओढत नाही, लेकरू पिवळं पडतंय, हे नेमकं त्या मधल्या तीन दिवसांत होतं.

त्या दिवसांत आपण काय पाळतो? सोयर. जे दहा दिवस इथं शिकलेल्या बाईला पगार देऊन घरात आणतात, त्याच दहा दिवसांत आपण बाळंतिणीला कोपऱ्यातल्या बाजेवर बसवतो. पूर्वी नाळ कापायला कोणत्या वस्तीतली बाई येणार हे गावानं जातीवरून ठरवलेलं असायचं, बिदागी एक लुगडं आणि पायलीभर ज्वारी. हे काम हलकं मानलं, म्हणून शिकवायचं कुणाला सुचलं नाही.

इथल्या आपल्या लोकांना या बाईचं एवढं कौतुक का, तर जवळ दुसरं कुणी नसतं. आईला व्हिसा मिळतो ९० दिवसांचा, तारखेचा अंदाज बांधून विमान ठरवायचं, लेकरू मात्र आपल्या तब्येतीनं येतं. आठव्या दिवशी दुपारी ही बाई वही मिटून निघून जाते, त्यानंतर डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, डोक्यावर तेल, यातलं काहीच विम्यात बसत नाही. परभणीच्या वाड्यात चार बायांच्या गराड्यात असलेल्या बाळंतिणीचा इथं बसून हेवाच वाटतो.

म्हणूनच म्हणतो, पगारी बाईवर तुटून पडू नका, तिला शिकवा. मालिशवाली मावशी तशीही रोज येते, सव्वा महिना येते, पैसे घरचेच देतात. तिच्या पिशवीत थर्मामीटर, टांगता काटा आणि वही असू द्या, वहीवर उपकेंद्रातल्या नर्सचा, म्हणजे एएनएमचा नंबर. मध-गुटी चाटवायची नाही, चीक फेकायचा नाही, पाणी तोडायचं नाही, एका तासात घडी पूर्ण भिजली तर १०८ ला फोन. तिला जमणार नाही म्हणणाऱ्यांनी तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला जाऊन बघावं. तिथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायांनाच शिकवून भारतवैद्य, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका केलं.

ऊसतोडीला गेलेली बीडची बाई मात्र यातही बसत नाही. नाव गावच्या आशाच्या यादीत, बाळंतीण फडाजवळच्या कोपीत. तिच्याकडं जाण्याचे पैसे कारखान्याच्या हद्दीतल्या आशाला मिळायला हवेत, आणि ते कारखान्यानं द्यावेत.