‘हायड्रॉलिक ट्रिम टॅब बिघडली की सगळा संच बदला’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

छोट्या मोटरबोटी बाळगणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा : हायड्रॉलिक ट्रिम टॅब (धावत्या बोटीचा कल सावरणारी, तेलाच्या दाबाने हलणारी मागची पाती) ही बंद प्रणाली असल्यामुळे तिला देखभाल लागत नाही, तेल कमी झालेच तर हाताशी असेल ते, अगदी गाडीचे ब्रेक ऑइलसुद्धा, चालते, एका बाजूची टॅब हलेनाशी झाली की पंप गेला असे समजावे, आणि मग दुरुस्तीच्या नादी न लागता सगळा संच काढून इलेक्ट्रिक टॅब बसवाव्यात. यांतील पहिली तीन विधाने चुकीची आहेत आणि चौथे अर्धवट खरे आहे. तिसऱ्या विधानामुळे लोकांचा सर्वांत जास्त पैसा वाया जातो, म्हणून त्यावर अधिक विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी रचना थोडक्यात. बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, तळाच्या दोन्ही कडांना स्टेनलेस स्टीलचे एकेक पाते बिजागरीने बसवलेले असते. प्रत्येक पात्याला एक पिस्टन असलेला सिलिंडर जोडलेला असतो. बोटीच्या आत, कोरड्या जागी, 12 व्होल्टची मोटर, पंप, तेलाची टाकी आणि दोन सोलेनॉइड वाल्व (विजेने उघडणाऱ्या झडपा) यांचा एक गठ्ठा असतो आणि तिथून नायलॉनच्या दोन बारीक नळ्या दोन सिलिंडरांकडे जातात. फ्लोरिडातील डिअरफील्ड बीच येथील बेनेट कंपनीचे संच याच पद्धतीचे आहेत.

‘बंद प्रणालीला देखभाल नको’ हे विधान टाकीच्या झाकणापाशीच खोटे ठरते, कारण टाकीत हवा ये-जा करू शकेल अशी सोय त्या झाकणात मुद्दाम केलेली असते. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, पाणी चढून गठ्ठा बुडाला, तर ते पाणी तेलात शिरू शकते. दुसऱ्या टोकाला पिस्टनचा दांडा सतत खाऱ्या पाण्यात असतो. तो बाहेर आलेल्या स्थितीत बोट नांगरून ठेवली की त्यावर बार्नॅकल, म्हणजे चिकटून राहणारे कवचधारी सागरी जीव, धरतात आणि पुढच्या वेळी टॅब वर घेताना त्यांची धारदार कवचे तेल अडवणाऱ्या सीलवर घासली जातात. म्हणून बोट बांधून ठेवण्याआधी दोन्ही टॅब पूर्ण वर घेण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी. तिला एक पैसाही लागत नाही. पात्याला शेवाळविरोधी रंग जरूर द्यावा, पण दांड्याला आणि जस्ताच्या ॲनोडला (पात्याऐवजी स्वतः झिजणाऱ्या तुकड्याला) तो लागू देऊ नये. रंगवलेला ॲनोड पाण्यापासून तुटतो आणि त्याचे कामच थांबते. ॲनोड पात्याच्या उघड्या धातूला घट्ट टेकलेला असावा आणि निम्मा झिजला की बदलावा.

तेलाची पातळी पाहण्यातही एक मेख आहे. ती दोन्ही टॅब पूर्ण वर असतानाच पाहायची असते. टॅब खाली असताना तेलाचा काही भाग सिलिंडरांत गेलेला असतो. त्या वेळी टाकी काठोकाठ भरली, तर टॅब वर घेतल्यावर परत येणारे तेल झाकणातून बाहेर सांडते आणि मालक नसलेली गळती शोधत बसतो.

आता ‘कोणतेही तेल चालते’ याविषयी. या संचांसाठी ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे एटीएफ, वापरतात. ते खनिज तेलाच्या घराण्यातील असते आणि आतील रबरी सील त्याच्याशी जुळणारे असतात. गाडीचे डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते. खनिज तेलासाठी बनवलेले सील त्यात फुगतात व मऊ पडतात. शिवाय ते हवेतील ओलावा शोषते, जो गुण समुद्रावर कोणालाच नको असतो. अशी भर घातल्यावर टॅब आठवडाभर उत्तम चालते आणि त्यामुळेच हा सल्ला खरा वाटतो. नुकसान पुढे होते. चुकून ब्रेक ऑइल पडलेच असेल, तर संपूर्ण तेल काढून, नळ्या धुऊन, सील तपासल्याशिवाय पंप चालवू नये. एटीएफ बहुधा लाल असते, त्यामुळे गळतीची जागा पांढऱ्या कापडाने पुसली तरी कळते. टाकीतील तेल दुधाळ दिसू लागले, तर त्यात पाणी मिसळले आहे हे नक्की समजावे.

‘एक टॅब हलत नाही, म्हणजे पंप गेला’ हे विधान मात्र रचनाच न पाहता केलेले आहे. दोन्ही टॅबना पंप एकच असतो. इमारतीच्या एकाच टाकीवरच्या दोन नळांपैकी एकाला पाणी येत असेल, तर टाकी रिकामी आहे असे कोणी म्हणत नाही. एक टॅब नीट खाली-वर होत असेल, तर मोटर, पंप, तेल आणि मुख्य वीजपुरवठा ही चारही अंगे शाबूत असल्याचा तो पुरावा आहे. दोष उरतो तो त्या बाजूच्या बटणात, तारेत, वाल्वमध्ये, नळीत, सिलिंडरात किंवा बिजागरीत.

त्याआधी आपण योग्य बाजू तपासत आहोत ना, हे पाहावे. नेहमीच्या जोडणीत बटण टॅबची बाजू दाखवत नाही, बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, दाखवते. नाळेची डावी बाजू खाली आणायची असेल, तर खाली जाते ती उजवी टॅब, कारण खाली गेलेली टॅब आपल्या बाजूचा मागचा भाग उचलते. ‘डावे बटण चालत नाही’ असे ऐकून डावा, निर्दोष सिलिंडर खोलणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत.

बाजू ठरली की बटण दाबून त्या सोलेनॉइडवर हाताचे बोट ठेवावे. मोटरच्या आवाजात टक् असा आवाज ऐकू आला नाही, तरी झटका बोटाला जाणवतो. झटका नसेल, तर वीज तिथवर पोहोचते का ते मीटरने पाहावे, आणि तेही मोटर चालू असताना. गंजलेली जोडणी विनाभार 12 व्होल्ट दाखवते आणि भार येताच मान टाकते. झटका असेल, तर गठ्ठ्यापाशी दोन्ही नळ्यांची अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या टॅबकडे सरकला, तर तो वाल्वमध्ये आहे. पूर्वीच्याच टॅबवर राहिला, तर नळीत, सिलिंडरात किंवा बिजागरीत. सिलिंडराची खालची पिन काढून पाते हाताने हलवले की बिजागरी अडकून बसली आहे का, हेही कळते. नळी कापावी लागली, तर पक्कडीने न चिरडता धारदार ब्लेडने काटकोनात कापावी, नाहीतर जोडाशी ती पुन्हा गळते. यात शिरलेली हवा काढण्यासाठी ब्रेकसारखे स्क्रू सोडण्याची गरज नसते. दोन्ही टॅब काही वेळा पूर्ण खाली-वर केल्या की ती टाकीत निघून जाते, मग पातळी पुन्हा पाहावी.

खाली केलेली टॅब आपोआप वर येत असेल, तर टाकीकडे पाहिल्यावर बरेचसे उलगडते. पातळी कायम राहत असेल, तर वाल्वच्या बैठकीत कचरा अडकून तेल टाकीत परतते आहे. पातळी उतरत असेल, तर तेल बाहेर जाते आहे. पहिल्याला वाल्व काढून साफ करणे पुरते, दुसऱ्याला बहुधा सिलिंडरातील सील किंवा नळीचा जोड बदलावा लागतो. सिलिंडराची नळी ट्रान्सममधील छिद्रातून आत येते, म्हणून हे काम बोट पाण्याबाहेर असतानाच करावे. कोकणात बोटी पावसाळ्यासाठी ओढून शाकारण्याआधीचे दिवस यासाठी सर्वांत सोयीचे.

ही तपासणी पुढे ढकलू नये, असे मी आग्रहाने म्हणतो, त्याचे कारण खर्चापुरते नाही. मागून येणाऱ्या लाटांवर खाडीच्या मुखातून आत शिरताना दोन्ही टॅब वर असायलाच हव्यात. एखादी खाली अडकली, तर नाळ पाण्यात रुतते, मागची बाजू लाटेबरोबर उचलली जाते आणि बोट आडवी फिरते.

राहिला इलेक्ट्रिक टॅबचा मुद्दा. त्यांत तेल नसते, नळ्या नसतात आणि नव्या बोटीवर बसवणे सोपे असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांत मोटर सिलिंडराच्या आत, म्हणजे पाण्यालगत असते. तिथे पाणी शिरले की सहसा पूर्ण सिलिंडर बदलावा लागतो. हायड्रॉलिक संचातील सील, नळी आणि वाल्व वेगवेगळे मिळतात आणि वेगवेगळे बदलता येतात. जुनी पाती गंजून गेली असतील किंवा गठ्ठा बिल्जमध्ये वारंवार बुडत असेल आणि त्याला उंच जागाच नसेल, तर बदल करणे योग्य ठरते. त्या वेळी नळीची जुनी छिद्रे आतून-बाहेरून नीट बुजवावीत आणि ट्रान्सममधील प्लायवूडमध्ये पाणी मुरलेले नाही याची, ती बुजवण्याआधी, खात्री करून घ्यावी.