‘उपज शिकून येत नाही’ म्हणणाऱ्यांना

कोल्हापुरातल्या गाण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: रियाजाने गळा तयार होतो, पण उपज, म्हणजे गाता गाता नवं सुचणं, येत नाही, पलटे (स्वरांचे ठरावीक क्रम) घोटणारा पोपटच राहतो, कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँसाहेब, त्यांना सुचायला कुणी शिकवलं होतं? माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने तो वाचून विचारलं, “मग मी रोज कशाला बसू?” म्हणून हे लिहितोय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो आपल्या गावाचा आहे. खाँसाहेबांना चुलते जहांगीरखाँ यांची वर्षानुवर्षांची तालीम होती. शाहू महाराजांच्या दरबारी येण्याच्या आधीच अति गाण्याने त्यांचा आवाज गेला आणि पूर्वीसारखा परत आलाच नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली. नुसत्या देणगीवर भागत असतं, तर गाणं तिथेच संपलं असतं.

पोपट होतो, हे खरं. पण तोच पलटा रोज त्याच क्रमाने म्हटला तर. सा रे ग प हे चारच स्वर घ्या. एकही स्वर परत न घेता त्यांचे २४ क्रम होतात. भूप रागाचे पाचही स्वर घेतले तर १२०. असे सगळे क्रम घोटायचे, मेरुखंडाचा रियाज तो हाच. त्यातले सगळे भूपात शोभत नाहीत. धैवतावर, म्हणजे ‘ध’वर, जास्त रेंगाळलात की त्याच स्वरांचा दुसरा राग, देशकार, डोकावतो. हे गाऊनच कळतं.

राहिलं सुचणं. त्या मुलीला मी दिलेला रियाज सांगतो. मध्यलयीत तीनतालाचा, म्हणजे सोळा मात्रांचा, ठेका, मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) नवव्या मात्रेपासून. समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, आठ मात्रा फक्त सा, रे, ग यांतच काहीतरी म्हणायचं आणि नवव्या मात्रेला मुखडा पकडायचा. चुकलं तरी थांबायचं नाही, पुढच्या आवर्तनात (तालाच्या फेरीत) सावरायचं. स्वर तीनच असले की चार-पाच आवर्तनांत जवळची पुंजी संपते, मग आपोआप लय मोडून बघावी लागते, मध्येच गप्प राहावं लागतं, कधी ‘रे’वरच थांबावं लागतं. सुचणं सुरू होतं ते इथे. मग तिहाई: पाच मात्रांचा तुकडा समेपासून तीनदा, मध्ये एकेक मात्रा सोडून, शेवटची मात्रा बरोबर पुढच्या समेवर पडते. पैलवानाचंही तेच: तालमीत डाव हजारदा घोटलेला असतो, म्हणूनच तो ऐन कुस्तीत सुचतो.

सगळ्यांना सारखंच सुचेल, असं मी म्हणत नाही. पण आज गायलेलं फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. जी तान पुन्हा पुन्हा आली असेल, ती उद्याच्या रियाजात घ्यायची नाही.