पाळी आली की बरी होते, म्हणून ते नाटक?

"पाळीआधी आठ दिवस रडते, भांडते, मरायच्या गोष्टी करते. पाळी आली की हसत कपाशी वेचायला जाते. हाई नाटक शे! आमच्या आज्यांना असलं काही नव्हतं. गोळ्यांची सवय लागते, मूल झालं की आपोआप जातं." जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरणारा हा मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. खाली पटापट अंगठे पडले. त्या ग्रुपात आमच्या सुना-लेकीही आहेत.

पाळी आली की बरं वाटतं, हा नाटकाचा पुरावा नव्हे, आजाराची खूण आहे. डॉक्टर तिच्यावरूनच निदान करतात. पीएमडीडी, म्हणजे पाळीआधी मन फार बिघडवणारा हा आजार, अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. थोडी चिडचिड पुष्कळींना होते, हा आजार मोजक्या जणींना. "रिपोर्ट तर नॉर्मल आले" असंही घरचे ऐकवतात. येणारच! हार्मोन्स बहुतेकींचे नॉर्मलच असतात, त्यांच्या चढउताराने मेंदू बिथरतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात औषधाने हार्मोन्स दाबून मग परत दिले. ज्यांना आधी त्रास होता त्यांना तो परत सुरू झाला. बाकीच्यांना तेच हार्मोन्स देऊनही काही झालं नाही.

आज्यांचं म्हणाल, तर त्यांची किती वर्षं बाळंतपणात आणि अंगावर पाजण्यात गेली, म्हणजे पाळ्याच कमी. आणि ज्यांना त्रास झाला त्यांना "बाहेरचं लागलं" म्हणून भगताकडे नेलं.

मूल झालं की जातं, हे खोटं. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून त्रास थांबतो, पाळीबरोबर परत येऊ शकतो.

गोळ्यांचं व्यसन लागत नाही. उदासीवरच्याच काही गोळ्या इथे थोड्या दिवसांत गुण देतात, काही जणींना तर फक्त पाळीआधीचे दिवस पुरतात. मात्र मनाने सुरू-बंद करायच्या नाहीत.

आता त्या "मरायच्या गोष्टी". या आजारात आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न जास्त आढळतात. आधीपासूनची उदासीही या दिवसांत बळावू शकते. तेव्हा तिला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली तिच्या हाती लागू देऊ नका. दोन महिने कालनिर्णयावर रोज मन कसं होतं ते लिहून डॉक्टरांना दाखवा. पण ती मरायचं बोलत असेल तर दोन महिने काय, दोन दिवसही थांबू नका. तिला एकटी सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.