मालवणात ‘गॅरंटीड ६० फूट’ दिसतं? मोजलं कोणी?

स्कूबाचा सीझन सुरू झाला की तो मेसेज परत फिरायला लागतो. "मालवण-तारकर्लीत ऑक्टोबर ते मे पाण्याखाली ६० फूट क्लिअर दिसतं, ऊन कडक असेल तर अजून जास्त, आणि बोटीवरून तळ दिसला की समजा पाणी काचेसारखं." यंदा चार ग्रुपवर आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी ६० फूट. म्हणजे १८ मीटर हो! किल्ल्याजवळ नवख्यांना उतरवतात तिथे एवढी खोलीसुद्धा नसते. सांगणारा खोटारडा असतो असं नाही, डोळाच फसवतो. मास्कमधल्या हवेमुळे ४ मीटरवरचा मासा ३ मीटरवर वाटतो आणि मोठा पण दिसतो (म्हणून तर वर आल्यावर प्रत्येकाचा मासा हातभर असतो). गढूळ पाण्यात मात्र उलटं, जरा लांबची वस्तू धूसर दिसते म्हणून डोकं तिला अजून लांब ढकलतं आणि ६ मीटरचे आरामात १० होतात.

‘ऑक्टोबर ते मे’ म्हणजे काय एकच पाणी आहे का? पावसानंतर खाड्यांचा गाळ बसायला वेळ लागतो, मग उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाणी जोरात फिरतं, तळ ढवळतो, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला) त्यामानाने शांत, आणि देवबागला कर्ली नदीच्या मुखाजवळ तर सुकती (ओहोटी) लागली की खाडीचं पाणी बाहेर येतं, त्यामुळे सकाळचं चित्र दुपारी राहील याची गॅरंटी कोण देणार.

कडक ऊन? आंबोली घाटात धुक्यात गाडीचा अप्पर लाईट मारून बघा, समोर नुसतं पांढरं होतं; गढूळ पाण्यात उन्हाचंही तसंच.

बोटीवरून तळ दिसणं हे वरून खाली बघणं झालं. १८६५ मध्ये सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने पांढरी तबकडी दोरीने सोडून ती दिसेनाशी कधी होते ते मोजलं, समुद्रात अजूनही तशी तबकडी वापरतात. पण डायव्हर आडवा बघतो, तो आकडा वेगळा.

आडवं मोजायला मीटरमीटरवर गाठी मारलेली दोरी पुरते, एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने तो दिसेनासा होईपर्यंत लांब जायचं. डिसेंबरात आम्ही केलं. वर आल्यावर आधी सगळ्यांना अंदाज विचारला, १२ ते १५ मीटर म्हणाले. दोरीवर ७ गाठी.

तांडेल (बोटीचा म्होरक्या) म्हणाला, "रे, दोरी ताणली आसतली."