‘आपोआप’ काही होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सिनेमा आणि संगीत यांच्या सिनर्जीवरच्या, म्हणजे दोन्ही धंद्यांनी एकमेकांना हात देऊन फायदा वाढवण्यावरच्या, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. आधी माझी चूक. एमटीव्ही ही अमेरिकी संगीतवाहिनी सुरू झाली १ ऑगस्ट १९८१ ला, मी १९८२ लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘इकडचं तिकडचं वाचून पानं भरलीत’ हे मला लागलं. मुद्दा पटला नाही म्हणाला असतात तर काहीच हरकत नव्हती. ओळखदेख नसताना एखाद्याच्या कष्टावर शिंतोडे उडवायचे, ही काय चर्चा झाली? १४ वर्षं मी मालिकांचं पार्श्वसंगीत करतोय.

आता तुमचं वाक्य : ‘सिनेमा आणि रेकॉर्ड कंपनी एकाच मालकाची असली की गाणं आपोआप चालतं, सिनर्जी म्हणजे एवढंच.’

हा ‘आपोआप’ कुठून आणलात? सोनीने १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स घेतली, १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स. वॉकमन तर त्यांचाच. यंत्र, गाणी, सिनेमा, सगळं एका छपराखाली. तरी बाजी मारली ती अ‍ॅपलने, २००१ च्या आयपॉड या खिशातल्या प्लेअरने आणि २००३ च्या आयट्यून्स स्टोअर या गाण्यांच्या ऑनलाइन दुकानाने, हाताशी एकही रेकॉर्ड कंपनी नसताना. सोनीत गाणीवाल्यांना चोरट्या कॉप्यांची धास्ती, यंत्रवाले आपल्याच फॉरमॅटला चिकटलेले. एमपीथ्री थेट वाजवणारा त्यांचा वॉकमन यायला २००४ उजाडलं.

उलट १९९२ चा ‘द बॉडीगार्ड’ घ्या. सिनेमा वॉर्नर ब्रदर्सचा, अल्बम अरिस्टा या रेकॉर्ड कंपनीचा, आणि अरिस्टा तेव्हा बीएमजी या दुसऱ्याच समूहाची. वॉर्नरच्या घरात रेकॉर्ड कंपन्या होत्याच की! पण सिनेमाची नायिका आणि गायिका व्हिटनी ह्यूस्टन हिचा करार अरिस्टाशी होता. ब्रिटिश गायिका केट बुशचं १९८५ चं गाणं २०२२ मध्ये नेटफ्लिक्सच्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे कुठे होता एक मालक? हक्क कुणाकडे आहेत आणि ते वेळेवर जुळतात का, सगळं त्यावर अडतं.

एका मालिकेच्या शेवटच्या प्रसंगासाठी जुनं गाणं ठरलं होतं. वाहिनी आणि रेकॉर्ड कंपनी एकाच समूहाची. ध्वनिमुद्रणाची परवानगी एका फोनवर मिळाली. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, आणि ते होते दुसऱ्याच प्रकाशकाकडे. प्रसारणाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तिथली सही आली नाही. चित्रीकरण तर झालेलं, अभिनेत्री त्या गाण्याच्या ठेक्यावर जिना उतरलेली. तिच्या पावलांवर बसेल अशी दुसरी चाल मी रात्रभर बांधत होतो. पहाटे चारला मिक्स पाठवला. तुमचं ‘आपोआप’ हेच का?

कलाकारांच्या मानधनाबद्दल तुम्ही लिहिलंय, तो या लेखाचा विषयच नव्हता. रील्सबद्दलच्या ओळींवर बोलण्यासारखं काही दिसलं नाही.

ध्वनिमुद्रणाची एक आणि शब्द-चालीची एक, अशा दोन सह्यांबद्दलचा परिच्छेद मूळ लेखात आहे. तुम्ही तो वाचलेला नाही, हे उघड आहे. वाचून पटला नाही तर जरूर लिहा. मी कुठून काय उचललं, हे मात्र तुम्ही ठरवू नका.